धुऱ्यावरचं पाणी

बाळांनो, एक नाला डोळ्यांपुढे आणा बरं. भरलेला नव्हे, कोरडा. एप्रिलचे दिवस आहेत आणि ऊन असं, की कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसलाय. दोन्ही काठांवर पळसाची झाडं, मध्ये पांढरी वाळू. त्या वाळूत अनवाणी पाय ठेवला तर चटका थेट टाळूला जाईल. आणला डोळ्यांपुढे? आता त्या वाळूत एक बाई गुडघे टेकून दोन्ही हातांनी खड्डा खणताना बघा. साधीसुधी बाई नाही हं. रोज संध्याकाळी टीव्हीवर जी आपल्या सुनेला छळते आणि जिच्या नावाने घरोघरच्या आज्या बोटं मोडतात, तीच ही. आणि तिच्यापासून वीस पावलांवर, पिवळ्या दोरीच्या अलीकडे, तुमच्याएवढी एक मुलगी उभी आहे. बाई चुकीच्या जागी खणते आहे, हे तिला ठाऊक आहे. पण तोंडातून एक शब्द जरी गेला, तरी सगळं मुसळ केरात.

त्या मुलीचं नाव आचल. वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागणाऱ्या आंजी गावातली. तिच्या आबाजींचा, म्हणजे बापूरावांचा, नाल्याच्या काठावर भाजीचा मळा होता. वांगी, मिरच्या, भेंडी निघाली की तिचे बाबा पहाटेच्या एसटीवर टोपल्या चढवून आर्वीच्या बाजारात नेत. आचल दहा वर्षांची होती आणि तिला एक धाकटा भाऊ होता, हर्षित. सहा वर्षांचा, गोरा, गुबगुबीत आणि जन्मापासून बहिरा.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. त्या उन्हाळ्यात टीव्हीवाल्यांनी आंजीच्या मागच्या टेकड्यांत एक अजब स्पर्धा मांडली. सहा नामांकित माणसं रानात सोडायची. कुणी क्रिकेटवाला, कुणी गाणारा, कुणी सिनेमातला पहेलवान. प्रत्येकाला एक सुरी, एक कांबळं, एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट, एक चरवी आणि बारा काड्यांची काडेपेटी द्यायची. रानातच राहायचं, रानातलंच खायचं. पाणी तेवढं टाकीतून मिळायचं. सोसेना त्याने शिट्टी वाजवायची, मग गाडी येऊन त्याला घेऊन जाणार. जो टिकेल, तो जिंकला. पण बक्षीस त्याच्या खिशात जायचं नाही. जिल्ह्यातल्या सहा संस्थांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. ज्याच्या हाती जी चिठ्ठी आली, त्याने त्या संस्थेसाठी झुंजायचं.

आणि टीव्हीवरच्या त्या दुष्ट सासूच्या, कोकिळाबाईंच्या, हाती चिठ्ठी आली पुलगावकडच्या एका छोट्या शाळेची. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. हर्षितची शाळा.

चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा बापूरावांनी कपाळावर हात मारला होता. "घ्या! त्या पहेलवानाले दवाखान्याची चिठ्ठी, अन् आपल्या पोराच्या नशिबी हे सासू!"

"दोन दिवसांत पळते पाहा," शेजारचे नत्थूजी म्हणाले. "तिले घरात पाणीबी नोकर आणून देत असन."

कुंताबाई, म्हणजे आचलची आजी, तिला तर त्या बाईचं तोंडही बघायचं नव्हतं. "काल संध्याकाळी सुनेच्या जेवणात मीठ ओतलं तिनं. मी पाह्यलं ना माह्या डोळ्यानं!"

"अवं आजी, ते नाटक असते," आचल म्हणाली.

"नाटक कसंबी असो. मीठ तं खरंच होतं ना?"

पण आचलला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे शाळेतली ती खोली होती. बत्तीस मुलांमध्ये ऐकण्याचं एकच जुनं यंत्र. मोठ्या पेटीचं, कानांवर लावायच्या दोन वाट्यांचं. पाळीपाळीने प्रत्येकाला पाव तास. एकदा ती आबाजींसोबत हर्षितला आणायला गेली असताना त्याची पाळी चालू होती. शाळेतल्या बाईंनी तिला पेटीशी बोलावलं आणि म्हणाल्या, "त्याच्या मागे उभी राहून हाक मार." तिने हाक मारली, "हर्षू!" आणि हर्षितने मान वळवली. जन्मात पहिल्यांदा, ती दिसत नसताना, नुसत्या तिच्या आवाजावर. मग तो डोळे विस्फारून तिच्या तोंडाकडे बघत राहिला, जणू तिथून एखादी चिमणी उडाली होती. तेवढ्यात पाव तास संपला. कोकिळाबाई जिंकल्या, तर त्या बत्तीसही मुलांना आपापलं यंत्र मिळणार होतं. घरी न्यायचं, रात्रंदिवस लावायचं.

म्हणून आचल रोज सकाळी, गावाला अडवायला बांधलेल्या त्या पिवळ्या दोरीपाशी येऊन उभी राहायची.

आणि सासू दोन दिवसांत पळाली नाही. तिसऱ्या दिवशी गाणारा गेला, चौथ्या दिवशी आणखी दोघं. क्रिकेटवाल्याने पाचव्या दिवशी शिट्टी वाजवली. सहाव्या दिवशी उरले दोघंच, टेकडीपलीकडे पहेलवान आणि अलीकडे कोकिळाबाई. त्या दिवशी सकाळी दोघांच्या पाण्याच्या टाक्या काढून नेल्या आणि शेवटची अट सांगितली. रात्रीचं शिल्लक असेल तेवढं पाणी प्या. त्यानंतर आपलं पाणी आपण शोधायचं. सूर्य मावळायच्या आत जो भरलेली चरवी आधी निशाणापाशी आणेल, तो जिंकला.

नियम सांभाळायला नागपूरचा योगेंद्र नावाचा तरुण होता. गळ्यात शिट्टी, हातात कागद. दोरीपाशी येऊन तो सगळ्या गावाला म्हणाला, "देखो काकाजी, आज कोणी काही बोलायचं नाई. खाणं-पिणं द्यायचं नाई, जागा सांगायची नाई, खुणा करायच्या नाईत. एकानं जरी मदत केली अन् तिनं घेतली, तर ती बाद."

"अन् खोकलो तर?" नत्थूजींनी विचारलं.

"एकदा चालते," योगेंद्र म्हणाला. "दोनदा खोकले तर घरी पाठवीन."

आता कोरड्या नाल्यात पाणी कुठून येणार, असं तुम्ही विचाराल. वर कोरडा असला, तरी पोटात त्याच्या पाणी असतं. वाळू खणत गेलं की खाली ओल लागते, आणि मग खड्ड्यात पाणी झिरपून येतं. त्याला झिरा म्हणतात. पण वाटेल तिथे खणून झिरा लागत नाही. बापूरावांनी आदल्या उन्हाळ्यात आचलला ते शिकवलं होतं. वळणावरच्या उंबराखाली, जिथे काठ आत वळतो, तिथे हातभर खणलं की पाणी. नाल्याच्या मध्यभागी माणूसभर खणलं, तरी कोरडंच.

आणि कोकिळाबाई सकाळपासून मध्यभागी खणत होत्या. एक खड्डा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. ताटाची कड वाकली. हातांना कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्या लाल झाल्या. आचल ओठ घट्ट मिटून बघत होती. उंबर होता तिथून शंभर पावलांवर. वळणाआड.

दुपारी गाव जेवायला गेलं. नाल्यात कुणी उरलं नाही. कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून कॅमेरावाला आणि योगेंद्र दोघंही वरच्या गाडीकडे गेले. कोकिळाबाई उठल्या आणि सावलीसाठी बापूरावांच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे मळ्याच्या बांधावरच्या, कडुनिंबाखाली येऊन टेकल्या. दोरी तिथूनच गेली होती. अलीकडे वांग्यांचे वाफे, वाफ्यात कुंताबाई आणि आचल.

कुंताबाईंनी मान वर केली. टीव्हीवरची पैठणी नाही, नथ नाही. ओठांना भेगा पडलेली, डोळे आत गेलेली एक बाई धुऱ्यावर बसली होती. आमच्याकडे एक रीत आहे. धुऱ्यावर आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं. मग तो पाहुणा असो, वाटसरू असो, नाही तर ज्याच्याशी कोर्टात भांडण चालू आहे तो असो. कुंताबाईंनी साठ वर्षं हे केलं होतं. हाताला सवय होती, डोक्याला विचारायची गरजच नव्हती. त्यांनी माठात गडवा, म्हणजे तांब्या, बुडवून भरला, दोरीवरून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "घे माय, पाणी घे."

आचल हातातलं खुरपं टाकून उभी राहिली.

कोकिळाबाईंनी गडवा दोन्ही हातांनी घेतला. गार होता तो. बाहेरून पाणी सुटलेलं, थेंब बोटांवरून मनगटावर ओघळत होते. त्यांनी तो तोंडापर्यंत नेला. इकडे तिकडे कुणी नव्हतं. ना कॅमेरा, ना योगेंद्र. गडवाभर पाणी घशाखाली उतरलं असतं, तर जगात कुणाला कळलं नसतं.

मग त्यांनी गडवा कपाळाला लावला.

"आजी," त्या म्हणाल्या. आवाज असा, की वाळलेलं पान चुरगळावं. "तुमचं पाणी मी परत करणार नाही. पण आज ते माझं नाही." आणि वाकून, दोरीलगतच्या वांग्याच्या बुडाशी तो गडवा त्यांनी सावकाश रिकामा केला. एक थेंब बाहेर पडू दिला नाही.

तेव्हा कुठे कुंताबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. "अवं बापा! मी काय करून बसली व!"

आचलच्या छातीत काहीतरी मोठं, खूप मोठं झालं होतं. देवळात आरतीच्या वेळी घंटा घुमते, तसं. एवढी तहान, एवढं पाणी, आणि कुणी बघत नसताना! आणि त्याच क्षणी तिला वाटलं, हिला सांगून टाकावं. दोनच शब्द. उंबराखाली खण. कोणाला कळणार आहे? तिने तोंड उघडलं. पहिलं अक्षर जिभेवर आलंसुद्धा.

कोकिळाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या फुटलेल्या ओठांवर बोट ठेवलं.

आचलचं तोंड मिटलं.

कोकिळाबाई निंबाच्या बुंध्याला पाठ टेकून त्या ओल्या मातीकडे बघत बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक मधमाशी आली. ओल्या मातीवर टेकली, सोंड लावून पाणी प्याली आणि उडाली. मग दुसरी आली. मग तिघी-चौघी. कोकिळाबाईंचे डोळे त्यांच्यावर खिळले. माश्या उडायच्या त्या नाल्याकडे, वळणाकडे. कोकिळाबाई हळूहळू सरळ बसल्या. पाण्याला आलेल्या माश्या, म्हणजे यांना रोजचं पाणी कुठेतरी आहे! त्या उठल्या. एक माशी गेली तिकडे दहा पावलं चालल्या, थांबल्या. पुढच्या माशीची वाट बघितली. पुन्हा दहा पावलं.

कॅमेरावाला धावत परत आला, तेव्हा त्याला हे काय चाललंय ते कळेना. "ताई, काय करताय?"

"श्श," त्या म्हणाल्या. "मी शाळेत आहे."

गाव जेवून परतलं तेव्हा कोकिळाबाई उंबराखाली पोचल्या होत्या. तिथे काठाच्या सावलीत वाळूवर तळहाताएवढी ओल होती आणि तिच्याभोवती माश्यांची गुणगुण. आचलला आबाजींनी उंबर दाखवला होता, म्हणून उंबर माहीत होता. पण ही बाई कुणी न दाखवता आली होती. गेला उन्हाळाभर आचल त्या झाडाखाली पाणी भरायला येत होती आणि तिला या माश्या कधी दिसल्याच नव्हत्या.

कोकिळाबाई खणू लागल्या. वीतभर गेल्यावर वाळूचा रंग बदलला. हातभर गेल्यावर खड्ड्याच्या तळाशी काहीतरी चमकलं.

"लागलं!" नत्थूजी ओरडणारच होते, पण बापूरावांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सगळं गाव मुकं होऊन बघत होतं. पाणी येत होतं. कुणी ओतत नव्हतं, कुणी आणत नव्हतं. वाळूच्या कणाकणांतून ते स्वतःहून येत होतं आणि खड्ड्यात साठत होतं. आधी गढूळ. कोकिळाबाईंनी ते प्यायलं नाही. ताटाने उपसून टाकलं आणि थांबल्या. पुन्हा आलं. पुन्हा उपसलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तळाचे खडे मोजता येत होते. मग त्या ओंजळ भरून प्याल्या, आणि पिता पिता रडल्या. बापूरावांनी पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. देवळाबाहेर काढतात तशा.

सूर्य पळसाच्या शेंड्याला टेकला होता तेव्हा भरलेली चरवी घेऊन कोकिळाबाई निशाणापाशी आल्या. पहेलवान अजून टेकडीपलीकडे खणतच होता. तिथे परीक्षक सुलोचनाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. नागपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. योगेंद्र हार घेऊन पुढे आला.

"थांबा," कोकिळाबाई म्हणाल्या. "हार नंतर. दुपारी मी धुऱ्यावर एका आजींच्या हातून पाण्याचा गडवा घेतला. प्याले नाही. पण घेतला."

टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या.

"काऊन सांगतलं व हिनं?" नत्थूजी पुटपुटले. "गाढवीण हाय का?"

योगेंद्रचा चेहरा पडला. त्याने कागद उलटासुलटा केला. "मॅडम, कॅमेरा नव्हता तवा. प्याल्या का नाई, ते कोणी पाह्यलं?"

"मी होती," कुंताबाई पुढे झाल्या. "नाई प्याली ते. माह्या नातवाची आन!"

"आजी, तुमचा नातू त्याच शाळेत हाय ना?" योगेंद्र खाली बघत म्हणाला. "मग तुम्ही तर तिच्याच बाजूनं बोलणार. दुसरं कोणी होतं?"

आचल दोरीखालून वाकून पलीकडे गेली आणि सुलोचनाबाईंच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"मी होती. मी हर्षितची बहीण आहे," ती म्हणाली. "तिनं पाणी वांग्याच्या बुडाशी घातलं. सगळं घातलं."

"बरं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि?"

'आणि' एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आचल तिथेच थांबली असती, तरी चाललं असतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. ते सांगितलं तर बत्तीस यंत्रं जातील, असंही तिला वाटलं. तिने एकदा कोकिळाबाईंकडे बघितलं. त्या चिंध्या गुंडाळलेले हात पोटाशी धरून उभ्या होत्या.

"अन् मी तिले झिऱ्याची जागा सांगणार होती," आचल म्हणाली. "तोंड उघडलं होतं मी. सांगतलं नाई, पण सांगणारच होती. तिनंच मले चूप केलं. मग माश्या आल्या."

"कुठल्या माश्या?"

मग आचलने माश्यांचं सगळं सांगितलं. गडवा, ओली माती, माश्यांची वाट, दहा दहा पावलं. सुलोचनाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. उठून त्या स्वतः धुऱ्यापर्यंत चालत गेल्या, वाकून वांग्याच्या बुडाशी बोट खुपसलं आणि ओली काळी माती लागलेलं बोट घेऊन परत आल्या.

"मी छत्तीस वर्षं मुलांची खरी-खोटी उत्तरं ऐकली आहेत," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणारं मूल विचारलं तेवढंच सांगतं, आणि आपल्याला बाधेल ते तर मुळीच सांगत नाही. हिने दोन्ही सांगितलं. माणसांची मदत घ्यायची नाही, असा नियम आहे. मधमाश्यांची घ्यायची नाही, असं कागदात कुठे आहे का, योगेंद्र?"

योगेंद्रने कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. "नाई मॅडम."

"मग घाल तो हार."

असा काही गलका उठला, की पळसावरचे पोपट उडाले. नत्थूजी कुणाच्या तरी गळ्यात पडले. कुंताबाई कोकिळाबाईंचे फुटलेले हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता तरी पी व माय! अन् त्या सुनेले आजपासून छळजो नको!" सगळी पोरं कोकिळाबाईंभोवती गोळा झाली. कुणाला सही हवी होती, कुणाला फोटो.

आचल मात्र तिकडे गेली नाही. गर्दीच्या कडेला आबाजींच्या खांद्यावर हर्षित बसला होता. सगळ्यांची तोंडं हलताना दिसत होती, हात हवेत जाताना दिसत होते, आणि त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. हाताचा पंजा फिरवून तो ज्याला त्याला विचारत होता, काय झालं? काय झालं? कुणाचं लक्ष नव्हतं. आचलने त्याला खाली उतरवलं. गर्दीपासून दूर, काठावरच्या एका दगडावर नेऊन बसवलं. त्याचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. मग त्याच्यासमोर मांडी घालून ती बसली आणि हातांनी, बोटांनी, डोळ्यांनी, अगदी पहिल्या खड्ड्यापासून, काही न गाळता, सगळी गोष्ट त्याला सांगू लागली.